पाइपावरचं हिलू

माझ्या मावशीच्या नवऱ्याला अख्खं बंदर बल्फकाका म्हणायचं. अनाथाश्रमातून ते बर्फाच्या कारखान्यात कामाला आले तेव्हा पोरवय होतं आणि तोंडात र नव्हता. बर्फाला बल्फ, गरमला गलम. कामगारांना करमणुकीला तेवढं पुरलं. पुढे र आला, मिशी आली, यंत्रघराची सगळी जबाबदारी आली, पण नाव काही सुटलं नाही. दमले किंवा मनातून हलले की तो र अजूनही निसटायचा. मग मावशी वाढता वाढता जाहीर करायची, "आज यांचा ल झालाय. कुणी वाद घालू नका."

शाळेला सुट्टी लागली की मी मावशीकडे पळायचे, आणि मावशीकडून यंत्रघरात. बाहेर रस्ता तापलेला असायचा, मासळीच्या गाड्या उभ्या, माणसं एकमेकांवर ओरडतायत, आणि आत पाऊल टाकलं की अंगावर शहारा. जमिनीत मिठाच्या पाण्याचं मोठं टाकं होतं. त्यात ओळीने बुडवलेले पत्र्याचे उंच डबे, डब्यांत गोडं पाणी. ते कडेकडून आत गोठत जायचं. लादी बाहेर निघाली की काचेसारखी आरपार, फक्त मधोमध एक पांढरी रेघ. काका सांगायचे, बर्फ फार निवडक असतो, पाण्यातलं जे त्याचं नाही ते तो आत आत ढकलत नेतो, आणि शेवटी ढकलायला जागा उरली नाही की ते सगळं मधे पांढरं होऊन राहतं.

भिंतीलगत एक जाड पाइप होता. टाक्यात थंडी देऊन झालेला अमोनिया त्यातून यंत्राकडे परत यायचा, आणि त्या पाइपावर पांढरा, मऊ, लव असल्यासारखा थर धरायचा. पाइपावर लाल रंगाची एक खूण होती. पांढरं खुणेपर्यंत आलं तर सगळं ठीक. अलीकडे थांबलं तर बर्फ कच्चा निघणार. पलीकडे गेलं तर यंत्राच्या पोटात वायूऐवजी पातळ अमोनिया जाणार आणि यंत्र फुटणार. या पांढऱ्याला कारखान्यात हिलू म्हणत. पाळी बदलताना जाणारा आणि येणारा यांच्यात एवढंच बोलणं: "हिलू बसलंय का?" "बसलंय. खुणेला आहे."

मग एक रीत होती. येणाऱ्याने पाइपावर तळवा टेकायचा, दोन्ही हात ओंजळीसारखे मिटायचे, आत फुंकर घालायची आणि खिडकीकडे तोंड करून हात उघडायचे. असं का करतात, हे मी सगळ्यांना विचारून पाहिलं होतं. एक म्हणाला, बोटं सुन्न पडू नयेत म्हणून. दुसरा म्हणाला, असं केलं की पाळी सुखाची जाते. काका म्हणाले, "पूर्वीपासूनच आहे." मला तर हिलू हा शब्दही पूर्वीपासूनचा, पुस्तकातलाच वाटायचा. एकदा निबंधात लिहिला आणि बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली. एवढ्या शिकलेल्या बाईंना हिलू ठाऊक नाही याचं मला आश्चर्य वाटलं होतं.

काकांना आई आठवत नव्हती. हिवतापाच्या साथीत ती गेली आणि पोर आश्रमात आलं, एवढंच आश्रमाने सांगितलेलं. त्यांचं वयही आश्रमानेच अंदाजाने लावलेलं. "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत," असं कुणाला सुनवायचं झालं तर काका अडखळायचे, कारण आपण नक्की किती पाहिलेत हे त्यांना माहीत नव्हतं. "माझ्याकडे आईचं म्हणून काडीसुद्धा नाही," हे ते दुकानदाराने माल संपल्याचं सांगावं तशा आवाजात सांगायचे. ऐकणाऱ्यालाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा एक माणूस आला होता. काकांसारखाच बुटका, घाऱ्या डोळ्यांचा, टक्कलही तशाच आकाराचं. तो हरवलेला भाऊ शोधत होता. दोघं शेजारी उभे राहिले तेव्हा कारखान्यात टाळ्या वाजल्या म्हणे. तो काकांच्या घरी राहिला, जेवला, काकांनी त्याला आपला चांगला कोट दिला. मग त्याचा खरा भाऊ दुसऱ्याच गावात सापडला. त्या बिचाऱ्याने फसवलं नव्हतं, तोच चुकला होता. कोट परत करायला तो स्वतः आला आणि रडला. काका रडले नाहीत. पण त्यानंतर कुणी नात्याचा विषय काढला की उठून पाइप बघायला जायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मावशी म्हणायची, "दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. आणि आमचा कोट जातो."

मी पुढे शिकायला गेले ती शब्दांची नातीगोती शिकायला. घरच्यांनी कपाळाला हात लावला. मावशीला वाटलं हे पोटापाण्याचं शास्त्र नाही, आणि त्या बाबतीत ती अगदी खरी ठरली. काका मात्र खूश झाले. सुट्टीत मी गेले तेव्हा त्यांनी यंत्रघरातला बाक पुसला, मला बसवलं आणि बर्फ हा शब्द कुठला ते विचारलं. त्यांची स्वतःची अशी समजूत होती की थंडी वाजली की माणूस ब्र्र्र करतो, त्यावरूनच बर्फ. मी म्हटलं, तो फारसीतून आलाय, आणि फारसीच्या पूर्वजांकडे तो वफ्र असा होता. बोलता बोलता व चा ब झाला, फ आणि र यांनी जागांची अदलाबदल केली. आयुष्यभर ज्याच्यासोबत राहिलो तो पाहुणा निघाला हे ऐकून काकांचा चेहरा पडला. म्हणून मी घाईने सांगितलं की हिंव मात्र घरचं आहे. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तसं हिमचं हिंव झालं. त्याचाच हिवाळा.

"आणि हिमच्या आधी?" काकांनी विचारलं.

त्या दुपारी मी त्यांना जे सांगितलं ते सांगताना माझ्याच अंगावर काटा येत होता, आणि खरं सांगते, अजूनही येतो. हिमच्या आधी एक शब्द होता. पाच-सहा हजार वर्षांपूर्वी, लिहिणं म्हणजे काय हे ठाऊक नसलेली काही माणसं तो बोलायची. त्यांची पोरंबाळं पांगली. कुणी इकडे आलं, कुणी तिकडे गेलं, एकमेकांना विसरली, आणि जाताना प्रत्येकाने थंडीचा तो शब्द तोंडात नेला. आपल्याकडे तो हिम झाला. ग्रीकांकडे खेइमा, लॅटिनमध्ये हिएम्स, रशियात झिमा, लिथुआनियात झिएमा. कुणी सांभाळायचा म्हणून सांभाळला नाही. थंडी पडत राहिली आणि आया पोरांना सांगत राहिल्या, एवढंच.

काकांनी मान हलवली. "झिमा आणि हिवाळा? तोंडवळा तर जुळत नाही."

मी म्हटलं, तोंडवळ्यावर जायचंच नाही. आपल्या बदनाममधला बद आणि इंग्रजीतला बॅड, दोन्हींचा अर्थ वाईट, आवाज जवळजवळ एक, आणि दोघांचा काडीचा संबंध नाही. तो नुसता योगायोग. पण हिमला तिकडे झिएमा, हंसाला झासिस, आणि आपल्या वहनातल्या वह् ला वेझ्. आपल्याकडे ह तिथे त्यांच्याकडे झ, पुन्हा पुन्हा. एकदा फरक दिसला तर तो फरक. सारखा तसाच दिसत राहिला तर ते नातं.

"म्हणजे फरकसुद्धा शिस्तीत," काका म्हणाले. हे वाक्य आमच्या प्राध्यापकांनी पूर्ण तास खर्चून सांगितलं होतं.

मग आम्ही थांबेनाच. मी त्यांना सांगितलं की बंदरावरचे इराणी खलाशी बर्फाला यख म्हणतात तो यख आणि इंग्रजी आइस एकाच आजीची नातवंडं आहेत असं मानतात. ग्रीकांकडे शेळीच्या एका पिल्लाला खिमाइरा म्हणत, म्हणजे एक हिवाळा पाहिलेलं. आपण पावसाळ्यांवर वय मोजतो, ती माणसं हिवाळ्यांवर मोजत. आणि इंग्रजी फ्रॉस्टचं जे मूळ सांगतात त्याच मुळातून लॅटिनमध्ये गोठलेल्या दवाचा शब्द निघाला आणि निखाऱ्याचाही, आणि आपल्या संस्कृतात तर त्यातून जळणं निघालं. काकांनी डाव्या बाहीचं बटण काढून मनगट वर केलं. तिथे अमोनियाच्या थंडीने पोळलेला मोठा डाग होता, विस्तवाने पोळावा तसाच. ते म्हणाले, ज्याने तो शब्द केला त्याचा हात भाजलेला असणार.  मी तो डाग बघत राहिले.

जाता जाता मी त्यांना ताऱ्याचं सांगितलं. तो सगळ्यांच्या आधीचा शब्द कुणी लिहून ठेवला नाही, ऐकणारं कुणी उरलं नाही. आपण तो नातवंडांवरून जुळवतो. म्हणून लिहिताना त्याच्यापुढे एक तारा काढायचा. ताऱ्याचा अर्थ, हा शब्द कुणी ऐकलेला नाही.

काकांनी बाहीचं बटण लावलं. मग म्हणाले, "आणि एकाच नातवंडावरून जुळवता येतो?"

"नाही काका. एकाने नाही भागत. दोन तरी लागतात."

"हं," म्हणाले, आणि उठून पाइप बघायला गेले.

त्यानंतरच्या थंडीत एक बाई आली. मी तेव्हा मावशीकडेच होते. उंच, सावळी, रुंद हाडाची, काकांच्या शेजारी उभी केली तर कुणी शेजारीणसुद्धा म्हटलं नसतं. दुसऱ्या एका शहरातल्या इस्पितळाच्या धुलाईघरात ती काम करायची. लहानपण मुलींच्या आश्रमात गेलेलं. तिथली म्हातारी स्वयंपाकीण शेवटच्या आजारात तिला सांगून गेली होती की तुझ्या धाकट्या भावाला बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात दिलं होतं. पण त्या कारखान्याला आश्रमांनी किती पोरं दिली असतील देव जाणे. कागद म्हणाल तर आश्रमाच्या इमारतीबरोबर गेले. रक्त तपासून नातं सांगण्याची सोय तेव्हा आमच्यासारख्यांपर्यंत पोचली नव्हती.

ती कार्यालयातल्या खुर्चीच्या कडेवर बसून आठवेल ते सांगत होती. तिच्या बोलण्यात ह नव्हताच. ती वाढली त्या वस्तीत तो कुणीच उच्चारत नसे. हाताला आत म्हणायची, हवेला अवा, हळूहळूला अळूअळू. घराची एक खिडकी, आईचे लांब केस, भावाला र यायचा नाही, हे तिने सांगितलं. काका ऐकत होते. र चं ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले, आणि मला वाटलं आता ओळखणार. पण त्यांचं नाव बल्फकाका हे बंदरावरची मांजरंसुद्धा सांगतील; र ची गोष्ट तिला कुणाकडूनही कळली असती. ते तिला फार मऊपणे म्हणाले, "बाई, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण माझ्याकडे ताडून बघायला काहीच नाही. तुम्ही काय सांगाल ते मी हो म्हणेन, आणि मग झोप लागणार नाही."

ती रडली नाही, रागावलीही नाही. संध्याकाळची बस होती. पाहुणी म्हणून तिला कारखाना दाखवावा असं काकांनी मला सांगितलं आणि ते टाक्याकडे निघून गेले.

यंत्रघरात यंत्राचा आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं शेजारच्यालाच ऐकू यावं. मी तिला डबे दाखवले, लादी दाखवली. ती भल्या माणसासारखी बघत होती, लक्ष नव्हतं. मग ती त्या पाइपापाशी थांबली. पांढरं खुणेपर्यंत आलं होतं. तिने एक बोट लावलं, काढलं, आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "इवरू बसलंय."

मी तिला बाहेर आणलं आणि काय बसलंय म्हणालात ते विचारलं. ती संकोचली. काही नाही, आमच्या घरातला शब्द, म्हणाली. आई म्हणायची. बाहेर कुणाला कळत नाही, म्हणून आपण बोलत नाही. मी तिला मावशीच्या घरी बसवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन मावशीला गाठलं.

मावशी भांडी पुसत होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, कारखान्यात हिलू हिलू ऐकलं असेल, तिने तेच आपलं करून सांगितलं. मी म्हटलं, ऐकलं असतं तर तिच्या तोंडी ते इलू झालं असतं. ह गेला असता, बाकी तेच राहिलं असतं. हिच्याकडे व आहे आणि र आहे. ते हिने आणले कुठून?

मावशीचा फडका थांबला.

"व होता," ती म्हणाली.

लग्न झाल्यावरच्या पहिल्याच थंडीत, सकाळी, काका तिला म्हणाले होते की खिडकीवर हिवलू बसलंय. मावशी केरसुणी घेऊन धावली. तिला वाटलं पाल. बघते तर काचेवर नुसता दवाचा पांढरा थर. त्यावरून तिने त्यांना वर्षभर छळलं होतं. पुढे कारखान्याच्या आवाजात बोलून बोलून त्यातला व कधी गळला ते तिला आठवत नव्हतं. पण आधी हिवलूच होतं, याबद्दल ती माझ्याशी भांडायला तयार होती. आणि हा शब्द यांनी कारखान्यातून घरी आणला असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती. काकाही तसंच धरून चालले होते. म्हणून मी तशीच कारखान्याच्या निवृत्त मुकादमांच्या दारात गेले. ते म्हणाले, आमच्या काळात पाइपावरच्या थराला नुसतं पांढरं म्हणत. हिलू म्हणायला लागलं ते बल्फ्या आल्यावर. आधी त्याची गंमत म्हणून, मग सवयीने.

परतताना रस्त्यातच मी जुळवायला लागले. काकांकडे हिवलू. पण काकांना लहानपणी र येत नव्हता. त्यांच्याकडे जिथे जिथे ल आहे तिथे आधी र असू शकतो. हिच्याकडे इवरू. पण हिच्या तोंडात ह नाही; शब्दाच्या सुरुवातीला तो असेल तर गळणारच. एकाने ह जपला, एकीने र. दोघांचे फरक शिस्तीत होते. नक्कल करणारा सारखेपणा आणतो; असा फरक त्याला आणता येत नाही. मागे एकच शब्द बसत होता.

मी दोघींना घेऊन यंत्रघरात गेले. काका पाइपापाशीच होते. त्या आवाजात बोललेलं सगळ्यांना ऐकू गेलं नसतं. पाइपावरच्या पांढऱ्यात नखाने एक तारा काढला आणि त्यापुढे लिहिलं: हिवरू.

कोकरू, वासरू, पाखरू, लेकरू. हिंवाचं पिल्लू. लिहिल्यावरच मला ते पूर्ण दिसलं. कुठे त्या ग्रीकांचं एका हिवाळ्याचं शेळीचं पिल्लू, आणि कुठे ही एक गरीब आई, जिने पोरांची समजूत काढायला त्याच जुन्या शब्दाचं पिल्लू केलं. हा योगायोग आहे, मी तो पुराव्यात धरत नाही. 

काकांनी यंत्र बंद करायची खूण केली. यंत्र थांबलं तसं पाणी ठिबकल्याचं ऐकू यायला लागलं. त्यांनी तो शब्द वाचला, ताऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मी तिचं इवरू सांगितलं, मावशीने तिचं हिवलू सांगितलं, मुकादमांचं पांढरं मी सांगितलं. 

"शब्दापुढे फूल कसलं काढलंय?" तिने विचारलं.

"तारा आहे," काका म्हणाले.  "जो शब्द कुणी ऐकलेला नाही, त्याला लावतात."

 ती पुढे झाली आणि अंगठ्याने तो तारा पुसून टाकला.

"मी ऐकलाय," ती म्हणाली. "आई नीट बोलायची. सुरुवातीचा आवाज माझ्याच तोंडातून गेला."

मग तिने उरलेलं सांगितलं. ते तिने आधी सांगितलं नव्हतं, कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. आई म्हणायची, हे लहान असतं, थंडीचं बाळ, रात्री चुकून आत येतं आणि हातावर बसतं. त्याला मारायचं नाही. हातात धरायचं, फुंकर घालायची आणि खिडकीतून सोडायचं, ते आपल्या आईकडे जातं. आईला हिवताप भरला तेव्हा तिला हुडहुडी थांबेना. अंग तापलेलं आणि दात वाजतायत. पोरीला वाटलं, आईच्या अंगात ही सगळी पिल्लं शिरली आहेत.

"मी तिचे आत धरून फुंकत ओते," ती म्हणाली. "फुंकायचं आणि खिडकीकडे सोडायचं. तू माझ्या बाजूला बसून तेच करत ओतास. आपण खूप सोडली. पण ती संपेनात."

काकांनी पाइपाला हात टेकला. इतकी वर्षं ज्याला ते पूर्वीपासूनचं म्हणत होते, ते त्यांच्या आईपासूनचं होतं. कारखान्यात कुणीही त्यांना ते शिकवलं नव्हतं. त्यांनीच ते इथे आणलं होतं आणि कारखाना त्यांचं बघून शिकला होता, आणि पाळी बदलताना कितीक अनोळखी माणसं त्यांच्या आईसाठी फुंकर घालत आली होती. काका खाली बाकावर बसले आणि म्हणाले, "मी मग आयुष्यभल पाळलीच की गं ती पिल्लं." तिने त्यांच्या टकलावर हात ठेवला. मावशीने तोंडाला पदर लावला. मी मात्र सरळ रडले, मला ते लपवता येत नाही.

एवढ्यात पाळी बदलली. नवा माणूस डबा काखेत मारून आत आला. यंत्र बंद का, सगळे उभे का, त्याला काहीच कळेना. पण सवय ती सवय. तो पाइपापाशी गेला, लिहिलेल्या शब्दाच्या बाजूला तळवा टेकला, हात मिटले, आत फुंकर घातली आणि खिडकीकडे उघडले. आम्ही चौघंही त्याच्या हातांकडे बघत होतो. तो चपापला आणि काय झालं म्हणून विचारायला लागला.

"काही नाही," काका म्हणाले. "हिवलू बसलंय. खुणेला आहे."

त्यांचा पार ल झाला होता, आणि त्या दिवशी मावशीनेही ते कुणाला सांगितलं नाही.